'लोड'साठी तिन्ही ठिकाणी 'भार' चालेल का?

प्रश्न : सर्व्हरचा प्रोसेसर, डिस्क आणि मेमरी यांच्यावरील लोडचे मॉनिटरिंग कसे लावावे, याची मार्गदर्शिका मी मराठीत लिहीत आहे. 'मॉनिटरिंग'साठी 'संनियंत्रण' आणि 'लोड'साठी सर्वत्र 'भार' असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य वाटतात का?

प्रतिसाद : 'संनियंत्रण' शासकीय मराठीत रूढ असले, तरी त्यात दडलेले 'नियंत्रण' येथे दिशाभूल करते, कारण ही यंत्रणा फक्त मोजते, नोंद ठेवते आणि आकडा ठरावीक पातळीपलीकडे गेला की कळवते. 'पाळत' संशयितावर ठेवतात, म्हणून तोही शब्द नको. 'देखरेख' मला पटतो. मात्र मराठीत देखरेख 'ठेवतात'. उभारायची असते ती देखरेखीची यंत्रणा.

खरी अडचण 'भार' या शब्दाची आहे. लिनक्स या संगणकप्रणालीत 'अपटाइम' ही आज्ञा दिली की शेवटी गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांच्या लोडची सरासरी दिसते. समजा, चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामे चालवू शकणाऱ्या यंत्रावर तेथे ८.०४, ६.९१, ३.८९ असे आकडे आहेत. 'प्रोसेसरवरील भार' असे वाचणारा माणूस प्रोसेसर दुपटीने दबला आहे, असे समजून प्रोसेसरचा चालू वापर दाखवणारी 'टॉप' ही आज्ञा उघडतो, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा! याचे कारण असे की लिनक्स या सरासरीत प्रोसेसरवर चालू असलेल्या किंवा त्याची पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या प्रोसेसच (म्हणजे सुरू केलेले प्रोग्रामच) नव्हे, तर डिस्ककडून उत्तर येईपर्यंत अडकून पडलेल्या, म्हणजे 'डी' अवस्थेतील प्रोसेसही मोजते. आठ प्रोसेस मंद डिस्कपाशी दहा मिनिटे ताटकळत असल्या, तर हेच आकडे दिसतील. हा भार नव्हे, ही रांग आहे.

म्हणून मी प्रोसेसरसाठी 'वापर' आणि डिस्कसाठी 'प्रतीक्षाकाळ' असे वेगळे शब्द ठेवीन, आणि 'लोड ॲव्हरेज' ही संज्ञा जशीच्या तशी देऊन तिचा अर्थ एकदा नीट सांगेन. मेमरीला तर 'भार' मुळीच शोभत नाही. ती व्यापली जाते. तेथेही 'मोकळी' आणि 'उपलब्ध' हा भेद पाळावा, कारण लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच त्यातील बराचसा भाग परत देते. मोकळ्या मेमरीच्या आकड्यावर इशारा लावला, तर धडधाकट यंत्रही रात्रीबेरात्री झोपमोड करील.

प्रश्नकर्ता : हा भेद लक्षात आला, आता तिन्ही प्रकरणांची शीर्षके बदलतो. एक शब्द राहिला : 'थ्रेशोल्ड'साठी, म्हणजे जी पातळी ओलांडली की यंत्रणा कळवते तिच्यासाठी, 'उंबरठा' लिहिले आहे.

प्रतिसाद : उंबरठा ओलांडून माणसे घरात येतात, तेव्हा कोणी भोंगा वाजवीत नाही. नदीच्या पुरासाठी मराठीत 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' अशी जोडी तयारच आहे, आणि देखरेखीच्या यंत्रणांमध्येही बहुधा अशाच दोन पायऱ्या असतात. फक्त त्यांच्यासोबत मुदतही लिहावी. प्रोसेसरचा वापर काही सेकंद १०० टक्क्यांवर जाणे नेहमीचेच आहे, त्यामुळे 'सलग ५ मिनिटे इशारा पातळीच्या वर' असे लिहिले, तरच वाचणारा नियम बरोबर बसवील.