हाताला कला आहे म्हणजे ती विकायलाच पाहिजे का?

कुंचला_कढई
मी गोरेगावला राहते, फ्रीलान्स इलस्ट्रेटर आहे, डायनिंग टेबल हेच ऑफिस (जेवायची वेळ झाली की आयपॅड फ्रिजवर). लहान मुलांची पुस्तकं, वर्कबुकातली चित्रं, सणासुदीला एजन्सीच्या पोस्ट आणि पावसाळ्यात दिवाळी अंक, पोट ह्यावर चालतं. ह्याशिवाय दोन नाद आहेत, एक कागदकामाचा, म्हणजे आकाशकंदील, पॉपअप कार्डं वगैरे, आणि दुसरा स्वैपाकाचा. तर हल्ली घरी येणारा प्रत्येक माणूस मोदक तोंडात असतानाच म्हणतो, अगं ऑर्डरी का नाही घेत? कंदील बघितला की, इन्स्टावर पेज काढ, धडाधड जातील. आत्या म्हणते, वहिनी म्हणते, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, परवा गॅसवाला म्हणाला!!

माझं मत स्पष्ट आहे. चित्रं विकते तेवढं पुरे. बाकीचं विकायचं नाही. कारण विकलं की गिऱ्हाईक येतं आणि गिऱ्हाईक आलं की "हत्ती जरा हसरा करा ना" सुरू होतं, ते मी दिवसभर ऐकतेच. कंदील करताना मला कोणी काही सांगत नाही. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने चौकटी बांधायच्या, एखादी वाकडी बसली तर सोडून परत बांधायची, मग कागद खळीने चिकटवायचा, आणि खळ वाळली की तो असा ताणून बसतो की टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. त्या आवाजासाठी मी ते करते. ह्याला रेट लावायचा नाहीये मला. लोकांना हे का पटत नाही?

हिशोबी_माणूस
ताई वाईट वाटून घेऊ नका पण हे पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान झालं. तुमचं पेमेंट किती दिवसांनी येतं ते सांगा आधी. माझी बायको पण फ्रीलान्स आहे, डिझाईन करते, मार्चचं बिल गणपतीत आलं, मधे फोन केला की "अकाउंट्सवाले रजेवर आहेत". तेवढे महिने घर कशावर चाललं, तर ती शनिवार-रविवार केक करते त्यावर. गिऱ्हाईक बिल्डिंगमधलंच, केक हातात द्यायच्या आधी जीपे झालेलं असतं, रिव्हिजन नाही, जीएसटी नंबर मागत नाही. मुंबईत भाडं भरून एकाच कमाईवर राहणं आणि वर दुसरी येत असताना तिला नको म्हणणं, ही हौस आहे. असू दे हौस, पण तत्त्व म्हणून सांगू नका.

निळी_शाई
+१ हिशोबी. "विकायचं नाही" हे म्हणता येणं हीच चैन आहे.

कुंचला_कढई
@हिशोबी_माणूस पेमेंटचं दुखणं मला नवीन नाही हो. पण तुम्ही सीझनचा विचार केलाय का? मोदक कधी लागतात, गणपतीत. कंदील कधी, दिवाळीच्या आधी. आणि दिवाळी अंकाची चित्रं कधी मागतात, नेमकं ऑगस्ट-सप्टेंबरात. नवरात्राचे नऊ रंग आणि दिवाळीच्या शुभेच्छा ह्यांच्या पोस्टसाठी एजन्सीचे फोन त्याच सुमारास. म्हणजे ज्या महिन्यांत माझं खरं काम तुंबलेलं असतं त्याच महिन्यांत हे "साईड इन्कम" करायचं. एप्रिल-मेमध्ये मी रिकामी असते तेव्हा कंदील कोण घेणार, तुम्ही?

आणि रेटचं बघा. एक कंदील पाच-सहा तास खातो. माझा चित्राचा तासाचा रेट ६०० धरला तर कंदील ३००० च्या वर गेला, सामान वेगळं. दादरला घडीचा प्लॅस्टिकचा दीडशे-दोनशेला मिळतो.

उभा_प्रवासी
५०० ला द्या ना मग. हौसच आहे तर तासाचा रेट कशाला लावायचा.

कुंचला_कढई
@उभा_प्रवासी आणि माहीमच्या कंदील गल्लीत जे लोक अख्खं घर कामाला लावून हाताने कंदील करतात त्यांनी काय करायचं? त्यांना तो धंदा आहे. मी हौशी बाई, नवऱ्याच्या पगाराचा आधार असलेली, ५०० ला विकायला बसले तर भाव त्यांचा पडणार. कॉलेजची पोरं दोनशे-तीनशेला चित्र काढून देतात आणि मग आम्हाला ऐकावं लागतं "अहो तो तर ३०० मध्ये देतो", तेच मी दुसऱ्याच्या धंद्यात जाऊन करू?

पाटा_वरवंटा
हा मुद्दा बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय ३००० लावणं हा आहे, न विकणं हा नाही. काळा घोडा फेस्टिव्हलला फेब्रुवारीत एक चक्कर मारा, हाताने केलेल्या वस्तूंच्या स्टॉलवर काय किमती असतात बघा आणि लोक घेतात पण.

आता माझं जरा मोठं आहे, वाचा किंवा सोडा. मी घरगुती ऑर्डरी घेते. वालाचं बिरडं, घावन, गणपतीत उकडीचे मोदक. माझ्या आईच्या हातचं बिरडं अख्ख्या चाळीत प्रसिद्ध होतं. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा, डाळिंबी मोडता कामा नये. दुपारभर बसायची. घरात दहा माणसं जेवून उठायची, म्हणायची वा काय बिरडं झालंय, आणि संपलं. तिला कोणी कधी विचारलं नाही की तुला ह्याचं काय मिळतं. कारण काय, तर "तिला आवड आहे". आवड आहे म्हटलं की बाईला पैसे मागायची सोयच राहत नाही. बाप्याची आवड धंदा होते, बाईची आवड घरकामात जमा होते. म्हणून मला "मी हे विकणार नाही, हे माझ्या आनंदाचं आहे" ऐकलं की जरा टोचतं. तुमचा आनंद खरा असेल, पण बाहेरून बघणाऱ्याला ते परत तेच दिसतं, बाई फुकट करतेय.

लिज्जत १९५९ मध्ये गिरगावातच सुरू झालं ना, सात बायकांनी, ८० रुपये उसने घेऊन. पापड तर त्या आधीपण लाटतच होत्या घरी. फरक एवढाच की त्या वर्षी त्याचे पैसे झाले. प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ मध्ये उभं केलं तेही गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचं. स्वैपाक तोच.

फोडणी_गुरुजी
पाटा_वरवंटा ताई मोदकाची पिठी कुठली वापरता, आंबेमोहोर का बासमती तुकडा?

पाटा_वरवंटा
गुरुजी विषयांतर करू नका 😄 आंबेमोहोर, थोडा बासमती.

गिरगावचा_नातू
लिज्जतचं उदाहरण नेहमी येतं आणि नेहमी अर्धवट येतं. त्या सात जणी होत्या. एकत्र होत्या. नफा-तोटा वाटून घ्यायच्या ठरल्या होत्या. इथे एकटी बाई, तीच चित्र काढणार, तीच पीठ मळणार, तीच फोटो काढून टाकणार, तीच डिलिव्हरीच्या पोराला फोनवर "मंदिराच्या बाजूने लेफ्ट" सांगणार, आणि एखादा मोदक फुटला तर एक स्टार पण तिलाच. ही सहकारी चळवळ नव्हे हो, ही एका माणसाची तीन शिफ्टची गिरणी आहे.

माझ्या ओळखीतली एक मुलगी सुंदर क्रोशा करायची. लोकरीची खेळणी. पेज काढलं, ऑर्डरी आल्या, एकच ससा सारखा मागायला लागले लोक, गुलाबी कानांचा. वर्षभर ससे. आता ती सुईला हात लावत नाही. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण कंटाळा आल्यावर हातात काय घ्यायचं हा तिला आता प्रश्न आहे.

हिशोबी_माणूस
मग तिने रेट वाढवायचा होता. ससा दुप्पट. ऑर्डरी आपोआप कमी.

गिरगावचा_नातू
सगळ्याला रेट वाढवा हे एकच औषध दिसतंय तुमच्याकडे

जेजे_चा_कट्टा
धागाकर्तीच्या बाजूने एक मुद्दा जो कोणी मांडला नाही. आपल्या कॉपीराईट कायद्यात (१९५७ चा), कलम १७ मध्ये असं आहे की पैसे देऊन कोणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि उलट काही करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे बरेचदा आपण काढलेलं आपलं नसतंच, कायद्यानेच नसतं. आणि जिथे आपलं असतं तिथे करारात "सर्व हक्क, कायमचे, जगभर" अशी ओळ टाकून घेतात आणि आपण सही करतो कारण महिनाअखेर असते. (सही करताना मुदत नि प्रदेश लिहिलेत का बघत जा लोकहो. हक्क देताना लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. हे कलम १९. फुकट सांगतोय.)

तर जिचं दिवसभराचं काम असं दुसऱ्याच्या नावावर जातं तिला एखादी गोष्ट पूर्ण स्वतःची ठेवावीशी वाटली तर त्याला चैन कसं म्हणता?

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, म्हणजे शिव्या दोन्हीकडून खातो. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, मनोरंजन मासिकाचा. तेव्हापासून ह्या अंकांनी चित्रकार जगवले. दीनानाथ दलाल तर स्वतःचाच दीपावली अंक काढायचे. स्वतःचं काम स्वतः बाजारात नेलं म्हणून कोणाची कला बाटत नाही. तेव्हा विकण्याला नाक मुरडू नका.

कुंचला_कढई
मी विकण्याला नाक मुरडत नाहीये हो, मी विकूनच जगते!! मी म्हणतेय की एक कोपरा न विकलेला ठेवू द्या.

@पाटा_वरवंटा तुमच्या आईचं वाचून गप्प बसले होते थोडा वेळ. तरी मला फरक दिसतो. तुमच्या आईला सोलायचा कंटाळा आला असता तर त्या दिवशी बिरडं नको म्हणता आलं असतं का? मला येतं. मागच्या वर्षी मी कंदील केलाच नाही, बाजारातून आणला, कोणी काही बोललं नाही. नाही म्हणायची मुभा असेल तर ते फुकट राबणं नाही.

पाटा_वरवंटा
मान्य. पण मग आत्या-वहिनी येऊन "आम्हालाही एक कर ना" म्हणतात तेव्हा काय करता? खरं सांगा.

कुंचला_कढई
…करून देते.

पाटा_वरवंटा
😂😂 सामानाचे पैसे?

कुंचला_कढई
आत्याकडून कसे घेणार!

हिशोबी_माणूस
बघा! म्हणजे विकायचं नाही, वाटायचं. गिऱ्हाईक नको म्हणालात, हे बिनपैशाचं गिऱ्हाईक आहे आणि ते सगळ्यात वाईट. रंग पण सांगत असतील, "आमच्या गॅलरीला निळा बरा दिसेल".

कुंचला_कढई
सांगतात. भगवा हवा होता तिला ह्या वेळी, मधे ओम.

सीए_मुलुंड
कंदिलावर मला मत नाही. पण वर "मार्चचं बिल गणपतीत" वाचलं म्हणून लिहितो. उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद) करून घ्या, ऑनलाईन आहे, फुकट आहे, आधार-पॅन लागतं, सेवा देणाऱ्यालाही होतं, चित्रकार-डिझायनर सगळे आले. एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे (२००६) लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या बजेटने आयकरात बदल केला, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, दिल्यावरच मिळतो. हे दुसरं कलम अकाउंट्सवाल्याला मेलमध्ये नम्रपणे आठवण करून द्यायचं, रजेवरचा माणूस परत येतो. बिलावर उद्यम नंबर छापा. आणि केकवाल्या वहिनींना एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेचं) रजिस्ट्रेशन आहे ना? घरून विकलं तरी लागतं.

हिशोबी_माणूस
नाहीये. करतो उद्या. धन्यवाद साहेब.

निळी_शाई
मुख्य कामाचे पैसे वेळेवर आले तर ह्या धाग्याची गरजच पडली नसती असं मला वाटायला लागलंय. साईड इन्कमचा सल्ला देण्यापेक्षा बिल वसूल करायचा सल्ला द्या नातेवाईकांनी. माझं +१ परत घेते, अर्धं.

गिरगावचा_नातू
अर्धं कोणतं?

निळी_शाई
आत्याकडून सामानाचे पैसे घ्यावेत, ते अर्धं माझ्याकडेच ठेवते.

उभा_प्रवासी
खळ कशाची करता? मला पोरीच्या शाळेसाठी कंदील करायचाय, फेव्हिकॉलने कागद सुरकुततोय.

कुंचला_कढई
फेव्हिकॉल नको त्या कागदाला. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद गॅसवर ढवळत राहायचं, पारदर्शक व्हायला लागली की बंद. पातळ हात लावायचा, ब्रशने नको, बोटाने. घोटीव कागद क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्वस्त पडतो, उपनगरात दुप्पट घेतात. झुरळं होऊ नयेत म्हणून खळीत मोरचूद घालतात पण ते विषारी असतं, लहान मुलीबरोबर करताय तर घालू नका, ताजी खळ करा आणि उरलेली फेकून द्या. कामट्या जमल्या नाहीत तर सांगा.

हिशोबी_माणूस
ह्या माहितीचं लोक वर्कशॉप घेतात. माणशी ८०० रुपये, चहा-बिस्किट धरून.

कुंचला_कढई
अहो झालं का तुमचं परत सुरू!