मदत हवी आहे : महाडीबीटीवरील (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील) शिष्यवृत्ती नूतनीकरणाचा अर्ज महाविद्यालयातच अडकला आहे

माझा धाकटा भाऊ ठाण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून त्याला पहिल्या वर्षी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळाली होती. यंदा उत्पन्नाच्या दाखल्याची त्रुटी काढून परत आलेला नूतनीकरणाचा अर्ज, तहसीलदारांचा नवा दाखला जोडून आम्ही मुदतीत पुन्हा पाठवला. तरीही तो दोन महिने महाविद्यालयाच्या पडताळणीतच आहे, आणि पूर्ण शुल्क भरल्याशिवाय परीक्षा अर्ज घेणार नाही, असे तोंडी सांगितले जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या बरेच आत आहे, बँक खाते आधारशी जोडलेले आहे. लिपिकांना दोनदा भेटलो, पोर्टलवर तक्रारही नोंदवली. एकरकमी शुल्क भरणे आम्हाला खरोखरच अशक्य आहे. आता प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, की थेट पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जावे, आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यावीत?