मदत हवी आहे: बार्न क्विल्टवर टेप काढताना खालचा रंग सोलून येतोय

बार्न क्विल्ट म्हणजे गोधडीची नक्षी रंगवून कोठाराच्या भिंतीवर लावायची फळी. माझी ४ बाय ४ फुटी, नक्षी ओहायो स्टार: १६ इंचांचे ९ चौकोन, त्यातल्या कडांच्या मधल्या चौघांचे कर्णांवर चार-चार त्रिकोण. फळी अर्धा इंची एमडीओ प्लायवुडची, म्हणजे साइनबोर्डवाले वापरतात ती. दोन्ही बाजू आणि कडांना एक्स्टिरियर प्रायमरचे २ हात. वर १०० टक्के अ‍ॅक्रिलिक सॅटिन (मंद चकाकीचा) रंग, रेघांसाठी मास्किंग टेप. आधी पांढरा, मग पिवळा, शेवटी लाल.

रंग झिरपायचा प्रश्न नाही. टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात देतो, त्यामुळे आत शिरलाच तरी तोच रंग शिरतो. रेघ सुरीने कापल्यासारखी येते.

घोळ आहे तो त्रिकोणांच्या टोकांशी. तिथे थरावर थर चढतात आणि टेपबरोबर पिवळ्याचे पापुद्रे थेट प्रायमरपर्यंत निघतात. मधल्या सपाट भागात काही होत नाही.

कमी चिकट टेप लावून पाहिली. ती कडेला उचलली जाते. शेवटचा हात ओला असतानाच ४५ अंशांत ओढून पाहिली, थोडाच फरक. दोन रंगांमध्ये २४ तास थांबतो, पण गॅरेज रात्री १० अंश सेल्सिअसवर उतरतं आणि तिथे हीटर चालवता येत नाही. ऑइल पेंट नको, पांढरा पिवळट पडतो.

एवढ्या गारठ्यात पिवळ्यावर टेप लावण्याआधी तुम्ही नेमके किती दिवस थांबता? की टोकांपुरता प्रायमर घासून घ्यायला हवा होता?