मुलीच्या हार्टची झडप चिकटलीये, बलून आत्ता करावं का थांबावं?

रानजाई:
मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. अंगणवाडीत तपासणीला आरबीएसकेची (सरकारी बालआरोग्य योजनेची) गाडी आली होती, डॉक्टर म्हणाले मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज, ऐकू येतोय, जिल्ह्याला टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) करा. केला तर पल्मनरी व्हॉल्व्ह स्टेनोसिस निघालं, म्हणजे फुफ्फुसाकडे रक्त जातं ती झडप अरुंद, ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ७२. पण पोरगी दिवसभर हुंदडते, ओठ निळे नाहीत, दम लागत नाही, त्यामुळे घरात कुणाला पटतच नाहीये. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराची चिरफाड कशाला, पुढं लग्नात अडचण, आणि नणंद म्हणते भोक असतं ते आपोआप बुजतं. डॉक्टर बलून करा म्हणतात. कुणी केलंय का? झोप उडालीये माझी.

हुरडापार्टी:
ताई, आमच्या पोराचं दीड वर्षाचा असताना झालं. ग्रेडियंट ८५ होता, बलूननंतर १८ वर आला. चिरफाड काही नसते हो, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हार्टपर्यंत नेतात, झडपेत फुगा काही सेकंद फुगवतात आणि चिकटलेल्या पाकळ्या सुटतात, बास. तिसऱ्या दिवशी घरी आलो. खरा जीव गेला तो सकाळी उपाशी ठेवताना, बिस्किट दे म्हणून रडून गोंधळ घातला त्याने. आरबीएसकेतून गेलो म्हणून पैसे लागले नाहीत, फक्त रेफरलच्या कागदाच्या चार-पाच झेरॉक्स ठेवा, आम्हाला तोच कागद तीनदा मागितला.

कॅथलॅबवाली:
नणंदबाईंना सांगा भोक वेगळं, झडप वेगळी. लहान भोकं बुजतात बऱ्याचदा, पण एवढी चिकटलेली झडप आपोआप सुटत नाही. ग्रेडियंट ४० च्या आत असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, साधारण ६०-६४ च्या वर गेलं की मूल खेळतं असलं तरी बलून करतात, कारण उजवा कप्पा रोज जास्त जोर लावतो आणि त्याची भिंत जाड होत जाते, हे बाहेरून दिसत नाही. इकोच्या रिपोर्टमध्ये डिस्प्लास्टिक लिहिलंय का बघा. पाकळ्या मुळातच जाड असल्या तर फुगा नीट काम करत नाही, कधी ऑपरेशन लागतं. आणि नंतर थोडी गळती राहू शकते, म्हणून फॉलोअप सोडायचा नाही.

दोनपाकळ्या:
माझी केस वेगळी, घाबरू नका. अओर्टिक झडपेला (हार्टमधून अंगभर रक्त जातं तिथली) तीन पाकळ्या लागतात, मला जन्मापासून दोनच. कळलं ४१ व्या वर्षी, जिना चढताना चक्कर आली तेव्हा. तोवर झडप दगडासारखी झालेली, छाती उघडून चित्रा व्हॉल्व्ह ही कृत्रिम झडप बसवली, तीच त्रिवेंद्रमला तयार झालेली, १९९० पासून बसवतात. आता रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) करत बसायचं, मेथीची भाजी एकदम जास्त खाल्ली तरी बायको डोळे वटारते. मला कुणी लहानपणी स्टेथोस्कोप लावला असता तर निदान आधीपासून लक्ष तरी ठेवलं असतं. तुमच्या गाडीवाल्या डॉक्टरला पेढे द्या.

रानजाई:
रिपोर्ट काढून बघितला, थिन आणि डोमिंग असं लिहिलंय. हे वाईट आहे का?

कॅथलॅबवाली:
उलट, पातळ पाकळ्या घुमटासारख्या फुगतात म्हणजे डोमिंग. बलूनला हीच झडप सगळ्यात चांगली.

रानजाई:
मंगळवारची तारीख घेते मग. दादा, पोराच्या जांघेवरच्या खुणेचा फोटो आहे का? सासूबाईंना दाखवायचाय.

हुरडापार्टी:
अहो खूणच सापडत नाहीये 😅 तोच तर पुरावा.