मदत हवी आहे : जगज्जेतेपदाच्या पद्धतीने सोसायटीत बुद्धिबळ स्पर्धा, बरोबरीचं काय करायचं?

बर्डीचाघोडा
त्रिमूर्तीनगरात मेमधल्या एका रविवारी स्पर्धा आहे. ८ मुलं, ४ पट, ४ डिजिटल घड्याळं. गेल्या वर्षीचा विजेता थेट शेवटच्या सामन्यात, आठांतून त्याचा आव्हानवीर. खरी पद्धत अशीच असते ना? अर्धे पालक म्हणतात दिव्या देशमुख जगज्जेती झालीच आहे. आणि शेवटी गुण सारखे झाले तर मुकुट जुन्याकडेच राहतो का?

तिरकाउंट
आधी दिव्याचं. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला तिने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या जादा डावांत) हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्यातून ग्रँडमास्टर किताब आणि कँडिडेट्सचं, म्हणजे आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचं, तिकीट मिळालं. जगज्जेतेपद वेगळं, ते असलेल्या जगज्जेतीला (तेव्हा चीनची जू वेंजुन) सामन्यात हरवूनच मिळतं.

खुल्या गटात २०२६ च्या कँडिडेट्सच्या ८ जागा अशा होत्या: विश्वचषकातून ३, ग्रँड स्विस या स्पर्धेतून २, फिडे सर्किटमधून (जागतिक संघटनेची वर्षभरातल्या स्पर्धांच्या गुणांची यादी) २, रेटिंगवर १. आठही जण एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे १४ फेऱ्या. पहिला येतो तोच आव्हानवीर. दुसऱ्याला काही नाही. मग १४ डावांचा सामना, आधी ७.५ गुण गाठणारा जिंकतो. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी गुकेशने शेवटच्या डावात ते गाठले, ७.५-६.५.

बरोबरीत मुकुट जुन्याकडे, हा जुना कायदा. १९८७ ला सेव्हिलमध्ये कास्पारोव्ह १२-१२ वर जगज्जेता राहिला, २००४ ला क्रॅमनिक ७-७ वर. आता तसं नाही. २०२३ ला अस्तानात ७-७ झाल्यावर २५ मिनिटांचे ४ जलद डाव झाले आणि डिंग लिरेन जिंकला.

प्यादं_आठव्या_घरात
दुहेरी साखळी (सगळे एकमेकांशी दोनदा) एका रविवारात बसणार नाही राजेहो, ५६ डाव होतात. एकेरी घ्या: ७ फेऱ्या, २८ डाव. १० मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद ठेवलं तर ६० चालींचा डाव अर्ध्या तासात संपतो. सकाळी ८ ला सुरू केलंत तर साडेबारापर्यंत मोकळे. अंतिम सामना संध्याकाळी ५ नंतर, त्याच वेळेचे ४ डाव, २.५ गुणांना विजय. २-२ झालं तर ३ मिनिटं अधिक २ सेकंदांचे दोन डाव.

जोड्यांसाठी बर्जर तक्ता वापरा, म्हणजे कोणत्या फेरीत कोणता क्रमांक कोणाशी खेळेल याचा ठरलेला तक्ता. त्यात १ ते ४ क्रमांकांना चारदा पांढरी मिळते, ५ ते ८ ना तीनदा. म्हणून क्रमांक सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकूनच द्या, नाहीतर पालक भांडतील.

घड्याळात वाढीव सेकंद चालू आहेत का, ते पहिल्या फेरीआधी प्रत्येक पटावर दोन चाली खेळून बघा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नियमबाह्य चाल पहिल्यांदा झाली तर समोरच्याला २ मिनिटं द्या, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. आणि कूलरचा झोत पटांवर नको, गुणपत्रिका उडतात.

बर्डीचाघोडा
तिघं एकाच क्लासची आहेत. शेवटच्या फेऱ्यांत एकमेकांना गुण वाटून घेतील अशी शंका पालकांना आहे.

तिरकाउंट
शंका रास्त आहे. म्हणूनच कँडिडेट्समध्ये एकाच देशाचे खेळाडू आधी भिडवतात. २०२४ ला टोरांटोत गुकेश पहिल्या फेरीत विदितशी आणि दुसऱ्यात प्रज्ञानंदशी खेळला, त्यामागे हेच कारण. तुम्ही त्या तिघांना १, २ आणि ८ हे क्रमांक द्या. बर्जर तक्त्यात १-८ पहिल्या फेरीत, १-२ दुसऱ्यात, २-८ तिसऱ्यात येतात. कोणाला कोणता, ते तिघांत चिठ्ठीने. उरलेले पाच क्रमांक बाकीच्यांत.

प्यादं_आठव्या_घरात
हे चिठ्ठ्यांआधी फळ्यावर लिहून ठेवा. पहिल्या जागेला बरोबरी झाली तर काय, तेही लिहा: आधीच्या गुणांची आकडेमोड नको, ३+२ चे दोन डाव खेळवा.