अटक झाली म्हणून नोकरीवरून काढलं, काही करता येईल का?

भाऊ चाकणला कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, परमनंट. सोसायटीच्या भांडणात पोलिसांनी उचलला, चार दिवसांनी जामीन मिळाला, कामावर गेला तर गेटवरच लेटर हातात दिलं, उद्यापासून येऊ नका. चौकशी नाही नोटीस नाही काही नाही. केस अजून उभीपण राहिली नाहीये. असं चालतं का?

नाशिककर: माझे काका झेडपीत होते, सरकारी नोकरीत ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की सस्पेंड धरतात, पण डायरेक्ट घरी नाही पाठवत.

जुना_युनियनवाला: अहो ते सरकारी झालं, यांचं प्रायव्हेट आहे. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नाही, हे आधी डोक्यात घ्या. ऑपरेटर म्हणजे कायद्याने कामगार, त्याला गैरवर्तनासाठी काढायचं तर आधी चार्जशीट (कंपनीची, पोलिसांची नव्हे), मग चौकशी, त्यात बाजू मांडायची संधी. चौकशीपर्यंत सस्पेंड केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे ७५ टक्के. कामगार आयुक्त ऑफिसला लेखी तक्रार टाका, उशीर नको. आणि एचआर राजीनामा मागेल, तो अजिबात देऊ नका, तिथेच लोक फसतात.

प्रश्नकर्ता: मागितलाय दादा, कालच फोन आला होता. सही नाही केली अजून.

जुना_युनियनवाला: बरं झालं. आता फोनवर बोलू नका, मेलवर मागा म्हणावं. जामिनाच्या ऑर्डरची कॉपी जोडून कामावर हजर व्हायला तयार असल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, नाहीतर गैरहजर दाखवतील.