जेनेसिस आपटलं, पण नमुने वाचले

जेनेसिस हे सौरवाऱ्याचे (सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचे) नमुने पृथ्वीवर आणणारं नासाचं यान. "यान युटाच्या वाळवंटात आपटलं, नमुन्यांत माती गेली, मग मोजलं काय?" हा प्रश्न रास्त आहे. ८ सप्टेंबर २००४ ला जेनेसिसचं पॅराशूट उघडलंच नाही. वातावरणात शिरताना वेग कमी होतोय हे ओळखणारे सेन्सर उलटे बसवले होते! कण टिपणाऱ्या शुद्ध सिलिकॉन, नीलम, सोन्याच्या चकत्यांचे बारीक तुकडे झाले.

पण सौरवाऱ्याचे कण सेकंदाला साधारण ४०० किमी वेगाने येतात आणि पृष्ठभागाखाली काही डझन नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) रुततात. माती मात्र वरवरच राहते. त्यामुळे अतिशुद्ध पाण्याने तुकडे धुऊन आतलं मोजता आलं. ऑक्सिजनसाठी खास सिलिकॉन कार्बाइडचं लक्ष्य होतं, ते नशिबाने शाबूत राहिलं.

२०११ मध्ये निकाल आले. पृथ्वीच्या तुलनेत सूर्यात ऑक्सिजन-१६ चं, ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांशी (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंशी) असलेलं प्रमाण सुमारे ६-७ टक्के जास्त. नायट्रोजनचा फरक तर त्याहून कितीतरी मोठा: सूर्यात नायट्रोजन-१५ पृथ्वीच्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी. सूर्य आणि ग्रह एकाच तेजोमेघातून झाले, तर हा फरक आला कुठून? अतिनील किरणांनी कार्बन मोनॉक्साइड फुटताना समस्थानिकांची विभागणी झाली, हे स्पष्टीकरण ऑक्सिजनच्या बाबतीत मला सर्वात पटतं.

एक खोच आहेच. सौरवारा म्हणजे हुबेहूब सूर्य नव्हे. बाहेर पडताना हलके समस्थानिक थोडे जास्त सुटतात. ती दुरुस्ती करूनच वरचे आकडे काढलेत.

भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानाचं म्हणाल, तर त्यावरचं अ‍ॅस्पेक्स हे उपकरण प्रामुख्याने प्रोटॉन आणि अल्फा कण मोजतं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं हे काम त्याचं नाही.